एका कडीतल्या किल्ल्या

"चाबी दे, बालाजी! यल्ला, जल्दी!" मालक खलील हात पुढे करून ओरडला, आणि स्टिअरिंगवरच्या बालाजीने दचकून त्याच्याकडे पाहिलं. वाळवंटात फिरायची उघडी बग्गी वाळूच्या टेकडीवर निम्म्या चढावर होती. वर, अगदी माथ्यावर, हुबारा पक्षी उभा होता. लांडोरीएवढा, ऐटबाज, मान ताठ. या पक्ष्याच्या शिकारीसाठी अरब माणूस भरल्या ताटावरून उठतो, आणि खलीलला तर तो कैक वर्षांत दिसला नव्हता.

बंदूक मागच्या पेटीत कुलूपबंद होती. गाडी चालू असताना बंदूक उघडी नको, भरलेली तर नकोच, हा कायदा नोकरीच्या पहिल्याच दिवशी खलीलने बालाजीला ऐकवला होता. अहमदपूरहून आलेल्या बालाजीने तो असा मनावर घेतला, की पेटीची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच कडीत अडकवून टाकली. पेटी उघडायची तर इंजिन बंद करणं आलंच. फुटबॉलचा वर्ल्ड कप वर्षावर आल्यापासून पोलिसांच्या गाड्या वाळवंटातही फिरत होत्या. पकडलं तर मालक दंड भरून सुटेल, आपल्याला मात्र विमानात बसवतील, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि कालच तर त्याने बायकोला, बबीताला, फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, वर्ल्ड कप होईपर्यंत नोकरीला मरण नाही.

"बाबा, गाडी चालू है. कानून..." बालाजी म्हणाला. मालकाला इथले ड्रायव्हर बाबाच म्हणत.

"मुझे मालूम है कानून! चाबी दे, नहीं तो कल से तेरा काम खलास."

म्हणजे दिली तरी नोकरी जाणार, नाही दिली तरी जाणार.  बालाजीने किल्ली फिरवली आणि कडी उपसून मुठीत घेतली.

भर चढावर, मऊ वाळूत इंजिन बंद करणारा ड्रायव्हर म्हणजे अकलेचा कांदा. हे त्याला हात फिरल्यावर आठवलं. बग्गी मागे घसरली, तिरकी झाली, मागची चाकं रुतून बसली. त्यांच्या खालची वाळू थराथराने उताराला लागली. खलीलने कपाळाला हात लावला. आता काय ऐकावं लागणार म्हणून बालाजीने मान खाली घातली.

तेवढ्यात तो आवाज आला.

आधी बालाजीला वाटलं, विमान. त्याने वर पाहिलं, आभाळ स्वच्छ होतं. आवाज खालून येत होता. देवळातल्या मोठ्या घंटेचा टोल संपल्यावर गाभारा घुमत राहतो, तसा. पण हा विरत नव्हता, वाढतच होता. इंजिन बंद, तरी सीट थरथरत होती. तळपायांतून, मांड्यांतून तो छातीपर्यंत चढला. बालाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याचे हात आपोआप जोडले गेले. कडी तेवढी मुठीतच राहिली.

वाळू सरकायची थांबली, तसा आवाजही थांबला.

"रेती है," खलील कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते. "मेरा दादा बोलता था, ये रेती गाती है. मैं हँसता था. बचपन से हर साल इधर आया, बालाजी. कभी नहीं सुना."

बालाजीने गार पडत चाललेल्या इंजिनाकडे पाहिलं. दर वर्षी त्याच्याच घरघरीत हे गाणं बुडालं असणार.

खलील खाली उतरला. पांढरा झगा गुडघ्यांपर्यंत गोळा करून तो इतका मोठा माणूस बसल्या बसल्या उतारावरून घसरत निघाला. त्याच्यामागून वाळू निघाली आणि टेकडी पुन्हा घुमायला लागली. खालून त्याने हात हलवून बालाजीला बोलावलं. बालाजीने चपला काढून ठेवल्या आणि तोही घसरला. वर माथ्यावर हुबारा अजून तसाच उभा होता, जसं काही त्याला हे रोजचंच.

खाली पोचल्यावर बालाजीने वाळूने माखलेली मूठ उघडून कडी पुढे केली. "बाबा, कल से मैं...?"

खलीलने ती घेतली नाही. त्याचं लक्ष टेकडीकडेच होतं.

"कल फिर इधर आना है," तो म्हणाला. "गाडी दूर रखना."