पहिल्या बेसपर्यंत

“ए टॉलिव्हर! बॅट ठेव घरी, टेबलफॅन घेऊन ये! वारा तरी बरा लागेल!”

नोरीन कझमारचा आवाज साऱ्या कॉर्बिन्सव्हिल गावाला ठाऊक. जन्मभर शाळेची बस चालवून कमावलेला आवाज तो! बॅटरच्या थेट मागं, पहिल्या रांगेत तिची जागा, आणि आमच्या कॅटफिश या बेसबॉल संघाचं मैदान एवढंसं की तिथून नुसतं पुटपुटलं तरी खेळाडूला ऐकू जावं. क्लाइड टॉलिव्हरला ऐकू गेलंच. त्यानं वळून पाहिलं नाही.

तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा. जुलैत तळाला पडलेला संघ पोरांनी ऑगस्टभर जिवाचं रान करून वर आणला होता. आज सीझनचा शेवटचा रविवार, आणि समोर डेलरॉयचा संघ. जिंकलो तर गटाचं विजेतेपद आपलं, हरलो तर त्यांचं. शेवटचा डाव, धावा बरोबरीत, दोघं बाद, तिन्ही बेसवर आपली माणसं. एक धाव हवी, फक्त एक. आणि बॅट कुणाच्या हातात? तर महिनाभर ज्याला चेंडू सापडलेला नाही त्या टॉलिव्हरच्या! वय अडतीस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आजवर कितीतरी गावांकडून खेळला बिचारा, पण विजेतेपद एकदाही नशिबी आलं नाही.

“गसला वेड लागलंय,” नोरीन नवऱ्याला म्हणाली. गस म्हणजे आमचा मॅनेजर. “दुसरं कुणी मिळालं नाही त्याला?”

“पोरं टरकलीत,” इर्व्ह शेंगा सोलत म्हणाला. “हा निदान टरकत तरी नाही.”

पहिल्या दोन्ही चेंडूंवर टॉलिव्हरनं जीव खाऊन बॅट फिरवली. दोन्ही वेळा नुसतीच हवा. नोरीननं कपाळाला हात लावला. आता आणखी एक हुकला की डाव खलास.

तिसरा चेंडू पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, हातातून सुटला आणि एकदम आत वळला, थेट गुडघ्याच्या रोखानं. असा चेंडू आला की भला भला टुणकन उडी मारतो. टॉलिव्हर उभाच राहिला. काडकन आवाज झाला आणि तो धुळीत आडवा.

चेंडू अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस फुकट, आणि बेस भरलेले असले की सगळे एकेक घर पुढं सरकतात. तिसऱ्यावरचा आत. म्हणजे धाव! म्हणजे जिंकलो! पण चेंडू मुद्दाम अंगावर घेतलाय असं पंचाला वाटलं तर काहीच मिळत नाही. पंच टॉलिव्हरवर वाकला.

“हलला का नाहीस रे?”

“या गुडघ्यांना हलवायचं तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, साहेब.”

पंचानं त्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग गालातल्या गालात हसला आणि पहिल्या बेसकडे बोट दाखवलं.

अहाहा, काय गलका झाला! तिसऱ्यावरचा पोरगा नाचतच आत आला. बाकीचे बाकावरून उड्या टाकून मैदानात धावले.

“थांबा गाढवांनो!” गस किंचाळला. “त्याचा पाय पहिल्या बेसला लागल्याशिवाय धाव धरत नाहीत!”

पोरं होती तिथंच थबकली. टॉलिव्हर उठायला गेला आणि परत खाली बसला. गस त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

“राहू दे, क्लाइड. तुझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं, नियमात बसतं ते.”

“महिनाभरानं एक बेस मिळालाय मला. तो दुसऱ्याला देऊ?”

“गुडघा जाईल तुझा.”

“गेलाय तो, गस. आवाज ऐकलास ना? आता चालत तरी जाऊ दे मला.”

गसनं त्याला हात देऊन उभं केलं आणि बाजूला झाला.

टॉलिव्हर निघाला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा, थांबायचं. नोरीनला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. अख्खा उन्हाळा ती या माणसाला नाही नाही ते बोलली होती. मध्यावर पोचला आणि तो लडखडला, तशी तिला राहवेना. ती ताडकन उभी राहिली.

“सावकाश, बाबा!” ती ओरडली. “घाई करू नकोस! आम्हाला कुठं जायचंय?”

लोक हसले, आणि हसता हसता एकेक करत सगळेच उभे राहिले. डेलरॉयचा खेळाडू पहिल्या बेसपाशी उभा होता. टॉलिव्हरचा पाय तिथं लागला की डेलरॉयवाल्यांचा वर्षभराचा खेळ मातीत. पण त्या पोरानं खाली वाकून हातमोज्यानं बेसवरची धूळ झटकली आणि वाट दिली. डेलरॉयवाल्यांना आम्ही कधी चांगलं म्हटलेलं नाही, पण त्या पोराला म्हटलंच पाहिजे.

टॉलिव्हरनं पाय ठेवला. मग तो सावकाश त्या बेसवरच बसला.

जिंकल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर उड्या घ्यायच्या, ढीग करायचा, ही आमच्याकडची रीत. पोरं धावत त्याच्यापर्यंत आली खरी, पण उडी कुणी मारली नाही. सगळे त्याच्याभोवती मातीत बसले.

इर्व्हनं शेंगांची टरफलं झटकली. “चल, गर्दी व्हायच्या आत गाडी काढू. संपला खेळ.”

“संपला कुठं?” नोरीननं बाहीनं डोळे पुसले. “बस खाली. आपला माणूस अजून बेसवर आहे.”