कोंडाबाईंची राखण

निरगुडकर साहेबांना ताप चढला आणि हृदयाला ठोके देणारी त्यांच्या छातीवरची पट्टी ठोके चुकवायला लागली. अंगाच्या उबेवर चालणारी तिच्यातली चिप त्यांनी स्वतःच बनवली होती. आता तापलेल्या अंगात तिच्यातला चार्ज वेळेआधीच गळून जात होता.

त्यांची बायको धावत कोंडाबाईंच्या दारात आली. कोंडाबाई पूर्वी साहेबांच्याच कारखान्यात चिपा तपासायच्या. बाकीचे एसीत बसून तपासत, बाई मात्र चिपा बंद पिशवीत घालून बंबाच्या कढत पाण्यात बुडवून. "चार्जची राखण करणारा ट्रान्झिस्टर काढू नका," असं त्यांनी बजावलं, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर हसले होते. "फुकट वीज खातो तो. सातवी नापास बाईनं मला शिकवू नये!" दुसऱ्याच दिवशी बाईंना घरी बसवलं.

कोंडाबाईंनी ट्रंकेतून कारखान्यातली, राखणवाल्या ट्रान्झिस्टरची जुनी पट्टी काढली, पण बायकोच्या हातात दिली नाही. स्वतः जाऊन साहेबांच्या छातीवर चिकटवली. ठोके सरळ पडू लागले.

"ही किती दिवस ठेवायची?" साहेबांनी खाली बघत विचारलं.

"जगायचंय तोवर. आता तुमच्या एकेका ठोक्यावर सातवी नापास बाई राखणीला बसलीय, साहेब. हसा की!"