तारेवरच्या चिठ्ठ्या

पाळकसाहेबांनी तारेवरच्या चिठ्ठ्या चिमटीत धरून पाहिल्या. गेल्या रविवारची चळत नखाएवढी जाड होती. त्याच्या आधीच्या रविवारची चांगली बोटभर. दोन रविवारांच्या मधे चर्चच्या मावशी नेहमी पुठ्ठ्याचा तुकडा टोचत, त्यामुळे मोजणीत चूक व्हायला जागा नव्हती. बोटभर जाड तो धाकट्या पाळकबाईंचा रविवार. नखाएवढा तो त्यांचा स्वतःचा.

चर्चच्या दाराशी एक टोपली असे. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्याने चिठ्ठी लिहून तिच्यात टाकायची. त्या दिवशी उपासना चालवणाऱ्याने ती मोठ्याने वाचायची. मग ती वेदीमागच्या या खोलीत तारेला टोचली जाई आणि वर्ष संपलं की शेगडीत जाई. एकदा वाचलेली चिठ्ठी पुन्हा कुणी वाचायची नाही, हा नियम पाळकसाहेबांनीच घालून दिला होता. त्याला बावीस वर्षं झाली होती.

धाकट्या, म्हणजे सहायक पाळकबाई, येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. एका रविवारी त्या इथे आणि पाळकसाहेब नदीपलीकडच्या गावात, पुढच्या रविवारी उलट. पत्नी गेल्यावर बिशपसाहेबांनी ही मदत पाठवली होती. मदतच ती. पाळकसाहेब कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडे टिपून ठेवत. चार, एकोणीस. तीन, बावीस.

आपल्या पोटात दुखतंय हे त्यांना कळत होतं. कळल्याने दुखणं कमी होत नव्हतं. या लोकांची लग्नं त्यांनी लावली, मुलांना बाप्तिस्मा दिला, म्हाताऱ्यांना मूठमाती दिली. आणि मनातलं सांगायला माणसं थांबून राहतात ती काल आलेल्या पोरीसाठी. ती हिरव्या शाईने लिहिते, तेही त्यांना आता सहन होत नव्हतं. परवा त्यांच्या पायरीवर गरम सूपचं झाकलेलं भांडं होतं. शेजारचं घर धाकट्यांचं, ठेवणाऱ्याचा दरवाजा चुकला असणार. त्यांनी ते मुकाट्याने धाकट्यांकडे पोचवलं. महिन्यात तिसऱ्यांदा.

“मावशी,” त्यांनी विचारलं, “माझ्या रविवारी लोकांना काही दुखतखुपत नाही का हो?”

चर्चची घंटा वाजवण्यापासून झाडलोट करण्यापर्यंत सगळं मावशींकडे होतं. त्या शेगडीतली राख काढत होत्या.

“दुखतं की.”

“मग लिहीत का नाहीत?”

मावशी जरा घुटमळल्या. “सगळंच कसं लिहिणार, साहेब? काही चिठ्ठ्या तुमच्याच तोंडून वाचून घेणं बरं दिसत नाही.” त्यांनी राखेची बादली उचलली. “आणि जेवलात का? तोंड बघा केवढंसं झालंय.”

त्या बाहेर गेल्या. पाळकसाहेबांचे कान तापले होते. म्हणजे त्यांच्याबद्दलच्या तक्रारी होत्या. देवापुढे, भर उपासनेत, तिच्या तोंडून.

कोटाच्या खिशात बिशपसाहेबांना लिहिलेलं पत्र होतं. धाकट्यांची बदली करावी, एवढं लिहून झालं होतं. कारणाची ओळ तेवढी कोरी होती. कारण या तारेवरच मिळणार होतं. त्यांनी बोटभर जाडीची ती चळत तारेवरून ओढून काढली आणि बावीस वर्षांचा नियम मोडला.

‘पाळकसाहेबांना भूक लागू दे.’

‘साहेबांनी पुन्हा गावं. बाईसाहेबांची बाजाची पेटी बंद झाल्यापासून ते नुसते ओठ हलवतात. आम्हाला समोरून दिसतं.’

‘त्यांच्या झग्याचं तिसरं बटण तुटलंय. मी शिंपी असून विचारायला धजत नाही. मला धीर दे.’

‘सूप त्यांच्या दारात ठेवते आणि ते जातं धाकट्यांच्या घरी. देवा, आता तूच काहीतरी कर.’

त्यांनी नकळत खुंटीवरच्या झग्याकडे हात नेला. तिसरं बटण खरंच नव्हतं. चिठ्ठ्या एकवीस होत्या आणि त्यांतल्या सतरा त्यांच्यासाठी होत्या. ते खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांना पुढचं अक्षर दिसेना. तरीही पत्र खिशातच होतं. त्यांच्यासाठीची ही सगळी प्रार्थना लोकांनी तिच्याच आवाजात ऐकली, हेही त्यांना बोचलंच.

तळाशी एक चिठ्ठी चौघडी घातलेली होती. ती वाचली गेली नसावी. शाई हिरवी होती.

‘सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच. दर खेपेला मीच वाचते आणि मलाच जळफळाट होतो. माझ्यासाठी कुणीतरी एक लिहावी असं वाटतं. प्रभू, हे माझ्यातून काढून घे.’

पाळकसाहेबांनी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांना ते आपलंच अक्षर वाटलं. मग त्यांनी खिशातलं पत्र काढलं, कारणासाठी सोडलेली कोरी पट्टी अलगद फाडून घेतली आणि तिच्यावर दोन ओळी लिहिल्या. उरलेलं पत्र शेगडीत टाकलं.

मावशी रिकामी बादली घेऊन आल्या तेव्हा ते दाराशी टोपलीवर वाकले होते.

“साहेब, उद्या तुमचा रविवार नाही. धाकट्यांचा आहे.”

“माहीत आहे.”

“कुणासाठी टाकलीत?”

“धाकट्यांसाठी.”

मावशींनी बादली खाली ठेवली. “अहो, पण ती त्यांनाच मोठ्याने वाचावी लागेल!”

“म्हणून तर लिहिली,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि त्या सूपवालीला सांगा, दार बरोबर आहे.”