होडीचं मशीन

"तुझा बाप धड जेवत नाय," जिजा खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली. "होडीचं मशीन गेल्यापासून नुसता ओट्यावर बसतो. नवीन मशीन बघाया जायचं म्हनतो, पन एकट्याला कसा सोडू?"

हितेशने आईकडे बघत मोबाइल उशीवर टाकला. तो कामाला होता तो वालीवचा कारखाना पावसाळ्यात बंद पडला होता. घरात मोकळा माणूस तोच. नाही म्हणायला निमित्त सापडेना, तेव्हा त्याने शर्ट चढवला आणि स्कूटर काढली.

नथू मागे बसला. उमेळ्याहून निर्मळच्या वाडीतून अर्नाळ्याला जाईपर्यंत बापलेक फारसे बोलले नाहीत. नथूने उभा जन्म खाडीत मासे मारले होते. जुनं मशीन खारं पाणी खाऊन खाऊन जाम झालं, तेव्हापासून त्याने होडी बांधाला ओढून ठेवली होती. इतका गप्प बाप हितेशने कधी पाहिला नव्हता.

दुकानात नथूने सरळ सगळ्यात मोठ्या मशीनवर हात ठेवला. "ह्येच घेऊ."

हितेश बाजूला उभा होता. मध्ये पडायचं त्याच्या मनात नव्हतं, पण राहवेना. "बाबा, होडी जुनी आहे आपली. मागची फळी एवढं वजन धरेल का?"

"धरंल की."

"आणि नाही धरली तर? भर खाडीत फळीसकट मशीन तळाला जाईल."

नथूने हात काढून घेतला. "मंग तूच बघ बाबा. मला काय कलतंय त्यातलं? घ्यायचं काम माझ्याकडं लागलं, कोनतं घ्यायचं ते तू ठरव."

ज्या माणसाला पाण्याच्या रंगावरून मासा कळायचा, तो म्हणतो मला काय कळतंय. बाबा खरंच खचले, असं हितेशला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन बांधावर गेला. शेजारच्या खुंटाला मेलरॉयची होडी असायची. मेलरॉय नथूचा जुना दोस्त, जाळी विणत बसला होता.

"मेलरॉयअंकल, शाफ्ट लांब घ्यावा की आखूड?"

मेलरॉय जाळं टाकून उठलाच. "दांडा आखूड घेतला तर लाटेवर त्याच्या टोकाचा पंखा हवेत फिरतो. लांब घेतला तर ओहोटीला चिखलात रुततो. आता तूच सांग."

हितेश गुडघाभर चिखलात उतरला. त्याने फळीची उंची मोजली, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं, तर आतलं लाकूड भुसभुशीत झालेलं. नवीन फळी बसवल्याशिवाय कोणतंच मशीन उपयोगाचं नव्हतं. सागाची फळी मेलरॉयने कुठूनशी आणून दिली. हितेशने ती तासली, बसवली, सांधे भरले. संध्याकाळी हाताला फोड आले होते आणि तो शीळ वाजवत घरी आला.

जिजाने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "आता कशी भूक लागते," ती म्हणाली.

हितेशने बाबांकडे पाहिलं. तेही जेवत होते. चला, गुण येतोय, त्याच्या मनात आलं.

पण नथूचं काही ठरेना. हे मशीन फार आवाज करतं, ते फार तेल पितं, वसईत अजून एक दुकान आहे म्हणे. हितेश कुरकुरत जायचा, पण जायचा. मशीनची टोपी उघडायला लावायचा, कार्बोरेटर बघायचा, सुटे भाग कुठे मिळतात ते खोदून विचारायचा. हल्ली तो सकाळी स्वतःच दाढी करून तयार असे आणि नथूलाच "चला, उठा" म्हणे.

शेवटी त्याने अर्नाळ्याच्याच दुकानातलं हलकं, आखूड शाफ्टचं मशीन पसंत केलं. खाडीपुरतं जायचं तर तेवढी ताकद पुरे, आणि नवी फळी ते आरामात पेलणार होती.

"तुमचा हात चांगला आहे," दुकानदार म्हणाला. "आमच्याकडे दुरुस्तीला माणूस हवाय. याल का?"

"आधी बाबांचं मार्गी लागू दे, मग येतो," हितेश म्हणाला.

भरतीच्या सकाळी मशीन चढवलं. नथू जाऊन पुढच्या टोकाला बसला. "तू चालव."

हितेशने दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला मशीन बोललं. होडी नायगावच्या पुलाच्या दिशेने पाणी कापत निघाली, तिवरं मागे पडली, बगळे उडाले. हितेश मोठ्याने हसला. किती महिन्यांनी हसलो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याने पाहिलं ते एवढंच की समोर बसलेल्या बाबांचे डोळे भरून आले होते. त्याला धन्य वाटलं. बापाला आपण परत उभं केलं.

परतले तेव्हा बांधावर मेलरॉयची बायको मर्सी झेंडूचा हार घेऊन उभी होती. तिने हार होडीला घातला, क्रुसाची खूण केली आणि हितेशच्या गालावरून हात फिरवला.

"देव तुझं भलं करो, बाळा. मशीन अगदी आमच्या मनासारखं निवडलंस."

"तुमच्या?"

मेलरॉय जोरात खाकरला. नथू वाकून दोर बांधू लागला.

"मग कोणाच्या?" मर्सी हसून म्हणाली. "दिवाळीत तुझ्या बाबानं होडी आम्हाला विकली, तेव्हा एकच अट घातली होती. म्हणाला, मशीन माझा हितेश बघंल, तेवढ्या निमित्तानं पोरगा खोलीतून बाहेर तरी येईल."