ठरलेली किंमत

बॉनेट उघडं होतं आणि मुन्नाच्या हातात लांब पाना होता, तेव्हाच शेडच्या दारात सावली पडली.

चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झालेले, मुन्नाने नुसतं नाव ऐकलेले रामटेके साहेब आज तुमसरला गेलेत, घरात दुसरं कोणी नसतं, अशी पक्की खबर होती. भरदुपारी कुलूप उघडायचं, साहेबांची ती लाल, दोन सिटांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार चालू करायची आणि नागपूरच्या पार्टीला नेऊन द्यायची. एवढं जमलं की वरठीला मुन्नाचं स्वतःचं गॅरेज. नाही जमलं तर जेल. पण सेल्फ नुसता कण्हत होता. इंजिनात ठिणगीच येत नव्हती.

दारातल्या म्हाताऱ्याच्या काखेत फाइल होती. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग मुन्नाकडे, मग त्याच्या हातातल्या पान्याकडे. पान्यावर त्याची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"कोन तुमी?" मुन्नानेच आधी दरडावलं. चोराने पहिला आवाज चढवायचा, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

"मी... या गाडीच्या विम्याच्या कामात हावो," म्हातारा म्हणाला. "अन् तुमी?"

"रामटेके साहेबाचा पोरगा. अश्विन."

म्हाताऱ्याने चष्मा नीट केला. "साहेबाले पोरगा हाय, हे मले मालूम नव्हतं."

मुन्ना पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. "पुण्याले असतो मी. बाबा तुमसरले गेले. तुमी उद्या या."

"किंमत आजच ठरवा लागते. पाच मिनिटाचं काम हाय."

घरचा कुत्रा मुन्नाची बिस्किटं खाऊनही मघापासून गुरगुरत होता. तो आता शेपटी हलवत म्हाताऱ्याच्या पायाशी जाऊन बसला. काय कामाचं हे जनावर, येईल त्याच्यासमोर शेपटी हलवतं, मुन्नाने मनात म्हटलं. पण गुरगुर थांबली, याचं त्याला बरंही वाटलं.

म्हाताऱ्याने खोक्यावर बसकण मारून फाइल उघडली. "दोन तऱ्हा हायेत. एक बाजारभावाची. गाडी गेली की कंपनी म्हणन, जुनी होती, घ्या भंगाराचा भाव. दुसऱ्या तऱ्हेत किंमत आधीच ठरते. मग उद्या गाडी चोरीले गेली, तरी ठरली तेवढी पुरी भेटते."

'चोरीले' म्हणताना त्याने वर पाहिलं.

"ठरवूनच टाका," मुन्ना म्हणाला.

"काहून? हप्ता जास्त बसते."

आता इथे गप्प बसावं की नाही? पण मुन्ना हाडाचा मिस्त्री. गाडीचा विषय निघाला की त्याला आपण कोण, कशाला आलो, याचंही भान राहत नसे. त्याने मडगार्डवरून हात फिरवला.

"काका, हे पाहा. हे कंपनीचं नाही. हातानं ठोकून बनवलं हाय. कुठंच लाट नाही. ज्यानं केलं, त्यानं यात जीव ओतला असन. बाजार याची काय किंमत करन?"

म्हाताऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले.

"किती लिहू?"

"वीस लाख."

"पंचवीस लिहितो."

असला विमावाला मुन्नाने जन्मात पाहिला नव्हता. त्याला हसू आलं, भीतीही जरा निवळली.

"मालकाचा गाडीसंगं एक फोटो लागते. पोरगा बी चालते."

फोटो द्यायचा नव्हता, पण नाही म्हटलं तर म्हाताऱ्याला शंका आली असती. मुन्नाने केसांवरून हात फिरवला आणि बॉनेटजवळ उभा राहिला. म्हाताऱ्याने फोटो काढला, मोबाइलवर बराच वेळ बोटं चालवली. "पाठवला. आता गाडी चालू करून दाखवा, म्हणजे झालं."

मुन्ना सीटवर बसला. मनातल्या मनात हात जोडून त्याने सेल्फ मारला. कण्हणं. पुन्हा मारला. तेच.

"बॅटरी बसली वाटते," तो ओशाळून म्हणाला.

"बॅटरी चांगली हाय."

बाहेर पोलिसांची जीप थांबली. धडाधड दारं उघडली आणि बूट वाजले. कुत्रा उठला आणि त्या नवख्या लोकांवर जिवाच्या आकांताने भुंकू लागला.

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली आणि आतला छोटासा तपकिरी रोटर बॉनेटवर ठेवला. तो नसला की ठिणगी इंजिनापर्यंत पोचतच नाही.

"घराबाहेर जाताना हा मी काढूनच नेतो," तो म्हणाला. "अन् ते मडगार्ड ठोकायले मले तीन वर्सं लागले, अश्विन."