पुढचा मुक्काम

देवाचं नाव घ्या आणि जरा जवळ सरकून बसा. रीफ्टन गावच्या नोलीनची गोष्ट सांगतो, पण तिच्या रागाला हसू नका.

तिचा नवरा डेस दिवसभर आरामखुर्चीत बसून रानावनातल्या भटकंतीचे सिनेमे बघे. डोंगर चढायला घेतलेले त्याचे बूट बारा वर्षं ओसरीवर कोरेच होते. एका आठवड्यात मात्र ते रोज सकाळी चिखलाने ओले दिसू लागले.

"माझ्यापासून लपून कुठे तडमडतोस रे?"

"मी? खुर्चीतून उठलो तरी का?"

रविवारी ताटातलं मटण निवलं तरी तो येईना, म्हणून ती हात पुसत बाहेरच्या खोलीत आली. पडद्यावर डोंगरातली मुक्कामाची झोपडी होती. अशा झोपडीतल्या वहीत प्रत्येकाने नाव लिहायचं आणि पुढे कुठे जाणार तेही; माणूस हरवला तर शोधणारे त्यावरूनच निघतात. वहीत कुणाचा तरी हात लिहीत होता. अक्षर डेसचं होतं.

"बारा वर्षं मला 'पुढच्या शनिवारी नेतो' म्हणतोयस," नोलीन कडाडली, "आणि गेलास तो एकटाच?"

"थांब गं," खुर्चीतून डेस म्हणाला. "पुढचा मुक्काम लिहायचा राहिलाय."

तिने खाडकन टीव्ही बंद केला.

खुर्ची अजून उबदार होती, पण रिकामी. ओसरीवर बूट नव्हते.

आठव्या दिवशी शोधणाऱ्यांना वरच्या झोपडीत ती वही सापडली. डेसच्या नावाची शाई ओली होती. पुढच्या मुक्कामाचा रकाना कोरा.

देवापुढे बसाल तेव्हा डेसची आठवण ठेवा, बाबांनो. नोलीन अजून रागाने त्याचं नाव घेत नाही.