दुपारी दोनचा आकडा

“कोणाला खरं वाटायचं नाय, पण अठरा वर्षांत माझा एक आकडा चुकलेला नाय,” कोल्ड रूम सांभाळणारे धाकूनाना म्हणाले, आणि जाडजूड रजिस्टर त्यांनी टेबलावर असं आपटलं की दोन्ही लॅपटॉप हलले.

मिरजोळ्याच्या मासळी फॅक्टरीतली ती छोटीशी खोली. टेबलाच्या एका अंगाला पुण्याचा सुजय, दुसऱ्या अंगाला मुंबईचा गौरव. दोघांनी आपापलं सॉफ्टवेअर विकायला आणलेलं. फॅक्टरीचे आकडे त्याच्या पोटात घालायचे, आणि कुठे काय बिघडलं ते त्याने पडद्यावर दाखवायचं. मधे क्वालिटी मॅनेजर वेदिका. आणि दाराजवळ, डोक्यावरची जाळीची टोपी हातात चुरगाळत, पॅकिंग हॉलची मुकादम सगुणा.

गेल्या मार्चातला कोळंबीचा कंटेनर परत आला होता. माल मधेच वितळून पुन्हा गोठलेला. वितळायला जागा दोनच. सगुणाच्या बायकांचं टेबल, नाहीतर नानांची कोल्ड रूम. कोल्ड रूमच्या तापमानाच्या रजिस्टरात खाडाखोडसुद्धा नव्हती. म्हणजे राहिलं टेबल. आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर सोमवारपासून हॉल ठेकेदाराकडे आणि सगुणासकट चाळीस बायका घरी. मालकांनी तसं तोंडावर सांगितलं होतं.

“दोघांना आकडे तेच दिलेत,” वेदिका म्हणाली. “मागच्या खेपेला पडद्यावरचे रंग बघून घेतलं, ते कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. या खेपेला सगुणाताई स्वतःच्या बोटाने चालवतील तेच घेणार.”

सुजयच्या पडद्यावर दिवाळी झाली. चक्रं फिरली, काटे डोलले, कोकणच्या नकाशावर चिपळूण उगाचच लुकलुकलं.

“कोल्ड रूमला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, मॅडम. एकदम ठणठणीत.”

“ऐकलंस गो सगुणे?” नानांनी मिशीवर बोट फिरवलं. “आता मशीनपण तेच सांगता.”

सगुणा पुढे आली. “मार्चातला एकेक दिवस सुटा करून दाखवा.”

“त्याला आमचा अ‍ॅनालिस्ट लागतो, ताई. आठवड्याभरात रिपोर्ट देईल.”

“मला जेवायच्या सुट्टीपर्यंत पाहिजे,” सगुणा म्हणाली आणि गौरवच्या बाजूला जाऊन बसली.

गौरवचं सॉफ्टवेअर शाळेच्या पाटीसारखं साधं, आणि सुरू व्हायला सुस्त. तेवढ्यात नाना गप्प बसतील होय? वादळाच्या वर्षी नऊ तास लाईट नव्हती, तेव्हा ते कोल्ड रूमच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. एवढीशी थंडी बाहेर जाऊ दिली नाही. आतली कोळंबी शिंकत होती म्हणे. मग गाडी गावच्या पालखीवर आली. अठरा शिमगे पुढचा खांदा नानांचाच. दुसऱ्या कोणी धरला तर देवी जागची हलत नाही!

सुजय हसला. गौरवही हसला. सगुणा मात्र पडद्याकडे बघत होती.

वर उभ्या पट्ट्या, रोज किती माल भरला त्याच्या. खाली कोल्ड रूमच्या तापमानाची रेघ. गौरवने एवढंच सांगितलं, “ताई, जिथे शंका येईल तिथे बोट ठेवा. खालच्या नोंदी उघडतील.”

सगुणाने बोट साडीला पुसलं. मार्च उघडला. रेघ चढत होती, उतरत होती. मायनस अठरा, मायनस सतरा, पुन्हा एकोणीस. दार उघडलं की जरा चढायची, मिटलं की उतरायची. मग एकाएकी वरच्या पट्ट्या संपल्या. सलग दोन दिवस तिथे काहीच नव्हतं, आणि खालची रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ. मायनस अठरा, मायनस अठरा.

“इथे डेटा राहिलाय वाटतं,” सुजय तिकडून वाकून म्हणाला.

“राहिला काय नाय. शिमगा होता. हॉल बंद, आम्ही सगळ्या गावाला.”

“आणि मी इथे!” नानांनी छाती पुढे काढली. “अख्ख्या फॅक्टरीत एकटा. सहा, दहा, दोन, सहा. चारी वेळा आकडा बघितला नि सही ठोकली. दार उघडायला कोण होता? म्हणून रेघ सरळ.”

“बरोबर आहे,” सुजय म्हणाला. “लॉजिकल आहे.”

वेदिकाने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. साडेबाराला सुट्टीची घंटा. “सगुणाताई, अजून बघायचंय?”

सगुणा उत्तर द्यायला थांबली नाही. रजिस्टर कायम ऑफिसात, ती कायम हॉलमध्ये. इतक्या वर्षांत ती पानं तिच्यासमोर कधी आलीच नव्हती. तिने सरळ रेघेवर बोट ठेवलं. खाली चार ओळी उघडल्या, आणि बाजूला त्या पानाचा फोटो. तिने एकेक ओळ ओठ हलवत वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“पंधरा मार्च, दुपारी दोन. मायनस अठरा. सही धाकू.” ती खुर्चीतून उठली. “नाना, ही सही तुमचीच?”

“तर! माझ्याशिवाय त्या रजिस्टराला हात लावायची कोणाची छाती हाय?”

“खोटं!” सगुणा एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर हॉलमधली सुरी थांबली. “इतके दिवस मला वाटलेलं, इथे तुमच्या जागी कोणीतरी बदली बसवून गावाला आलात. नाना, पंधरा मार्चला दुपारी दोन वाजता मी माझ्या अंगणात देवीची ओटी भरत होते, आणि पालखीचा पुढचा खांदा तुमचा होता!”